घरच्या ओल्या कचऱ्याचं खत: बाल्कनीत, बादल्यांमध्ये, वास न येऊ देता

हा लेख फ्लॅटवाल्यांसाठी आहे. अंगण असेल तर खड्डा खणा, कचरा टाका, वर माती लोटा, झालं, पुढचं वाचायची गरज नाही. पण सगळा कारभार तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत करायचा असेल, दीड हातावर शेजारच्या काकूंचे कपडे वाळत असतील आणि घरातल्या निम्म्या मंडळींना ही कल्पना मुळातच पटलेली नसेल, तर थोडं समजून सुरू केलेलं बरं.

माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी हे अर्धवट सोडलं त्या सगळ्यांची तक्रार वास आणि अळ्या हीच. आणि जरा खोदून विचारलं की कारणही बहुतेक वेळा तेच निघतं, घरातला सुका पाचोळा संपला होता आणि तरी ओला कचरा टाकणं चालूच होतं. म्हणून आधीच सांगून ठेवते, ओला कचरा रोज आपोआप तयार होतो, त्याची चिंता करू नका, तजवीज पाचोळ्याची करा. बाकी सगळं जमतं.

१. आधी थोडा हिशेब

चार माणसांच्या घरात ओला कचरा दिवसाला साधारण अर्धा ते एक किलो निघतो. त्यातलं ७०-८० टक्के नुसतं पाणी असतं, त्यामुळे बादली वाटते तितक्या पटकन भरत नाही, आज काठापर्यंत आलेलं चार दिवसांत वीतभर खाली बसतं. २० लिटरची एक बादली भरायला ढोबळमानाने एक महिना धरा. भरल्यावर ती आणखी दीड-दोन महिने नुसती मुरायला ठेवावी लागते, म्हणजे एक भरतीय, एक-दोन मुरतायत असं चक्र हवं. दोन बादल्यांवर सुरुवात करा, पण तिसरी लागणार हे धरूनच जागा ठरवा.

जागा सावलीतली, हवा खेळती, पावसाची झड थेट येणार नाही अशी. दुपारचं कडक ऊन बादलीवर पडलं तर वरचं सगळं सुकतं आणि खालचं चिकचिकाट राहतं. आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवू नका प्लीज, गच्चीवर नेऊन ठेवलेलं कंपोस्ट दोन आठवड्यांत बंद पडतं कारण रात्री भांडी आवरल्यावर कोणालाही जिना चढायचा नसतो.

२. सामान

- झाकणवाल्या २० लिटरच्या दोन-तीन बादल्या. भिंतीच्या रंगाच्या रिकाम्या बादल्या भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतात. ऑइल पेंटचे डबे मात्र नकोत, पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचेच घ्या आणि घासून धुवा
- सुक्या मालासाठी एक मोठं पोतं किंवा झाकणाचा डबा
- ढवळायला लांब दांड्याचं खुरपं किंवा जाडसर काठी
- बादलीखाली ठेवायला परात नाहीतर कुंडीखालची ताटली, आणि दोन विटा
- जुन्या मच्छरदाणीचा तुकडा
- हातमोजे आणि साधा मास्क. मास्क उगाच नाही सांगत, ढवळताना बुरशीचे बारीक कण उडतात, घरात कोणाला दमा असेल तर त्याला हे काम देऊच नका
- विरजण म्हणून वाटीभर आंबट ताक, थोडा गूळ, आणि मूठभर जुनं खत किंवा बागेतली माती
- निंबोळी पेंड, कुठल्याही नर्सरीत मिळते
- शेवटी लागेल ती वाळूची चाळण

कंपोस्ट कल्चर म्हणून जी पुडी मिळते ती घ्यायला हरकत नाही, पण घेतलीच पाहिजे असंही नाही. कुजवणारे जीव कचऱ्यावर, पानांवर, मातीत आधीच असतात. पहिल्या खेपेला आंबट ताकाने काम भागतं आणि दुसऱ्या खेपेपासून तुमचं स्वतःचं अर्धवट झालेलं खत हेच सगळ्यात चांगलं विरजण.

३. सुका माल, म्हणजे खरं काम

कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण ३० ला १ या प्रमाणात लागतं. भाजीच्या देठांत आणि सालांत नायट्रोजन आणि पाणी भरपूर, सुक्या पानांत कार्बन भरपूर. शिवाय पानांमुळे मध्ये मध्ये पोकळी राहते आणि हवा आत जाते, आणि हवा गेली की वासाचा प्रश्नच येत नाही, सडका वास येतो तो हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंमुळे. मोजमाप करत बसायचं नाही, जेवढ्या आकारमानाचा ओला कचरा तेवढ्याच आकारमानाचा सुका माल, शंका आली तर सुका जास्त.

कुठून आणायचा? फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींना सांगून ठेवा, त्या पोती भरून देतात, नाहीतरी तो ढीग कुठेतरी पेटवलाच जातो (उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, तरी जाळतात). या दोन महिन्यांत तीन-चार पोती दाबून भरून ठेवली की बऱ्याच घरांचं वर्ष निघतं. रेन ट्री, गुलमोहर, सुबाभूळ यांची बारीक पानं एक नंबर. आंबा, बदाम, वड यांची पानं जाड आणि चिवट, ती पोत्यात घालून पायाने तुडवून चुरा करून घ्या. निलगिरीची नकोत.

पाचोळा मिळतच नसेल तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबून विटेसारखा करून विकतात तो. ५ किलोची वीट भिजवली की ६०-७० लिटर होते, पण इथे एक गोम आहे, कुंडीत घालतो तसं भिजलेलं कोकोपीट बादलीत घातलं तर आधीच ओल्या कचऱ्यात आपण अजून पाणीच घालतोय. वीट फुटेल इतपतच पाणी मारा, मोकळी करा आणि एक-दोन दिवस उन्हात पसरून कोरडी करूनच डब्यात भरा. सुताराकडचा भुसा चालतो, पण साध्या लाकडाचा, प्लायवूड-एमडीएफचा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. आणि भुसा एकटा वापरू नका, तो दाबून बसतो. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, साधा पुठ्ठा (टेप काढून), वर्तमानपत्राच्या पट्ट्या हे सगळं अडीनडीला आहेच. गुळगुळीत रंगीत मासिकं नाही.

४. बादली तयार करणं

बादलीच्या चारी बाजूंनी, खालपासून वर तीन-चतुर्थांश उंचीपर्यंत, चार-चार बोटांवर भोकं पाडा, पेन्सिल जाईल एवढी. तळाला पण सात-आठ. ड्रिल नसेल तर जुना स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवून पाडता येतात, पण प्लास्टिकचा धूर होतो तेव्हा खिडक्या उघडून, मुलांना बाजूला करून. झाकणाला पण थोडी भोकं. बाहेरून मच्छरदाणीची जाळी गुंडाळून दोरीने बांधा, झाकणाखालीही एक तुकडा टाका, माशांचा आणि झुरळांचा अर्धा त्रास इथेच संपतो.

बादली विटांवर, खाली ताटली. तळाशी नारळाची शेंडी, वाळक्या काड्या, फुटक्या करवंटीचे तुकडे असा चार बोटं थर, त्यावर पाचोळ्याचा तेवढाच थर, त्यावर ते मूठभर जुनं खत किंवा माती, आणि त्यावर ताक-गूळ कालवून शिंपडा. शिंपडा म्हणजे शिंपडा, ओतू नका.

५. रोजचं काम

रोज म्हणजे पाच मिनिटं पण नाही. स्वयंपाकघरात ओल्या कचऱ्याला जाळीचं भांडं ठेवा, दिवसभरात पाणी निथळून जातं. मोठे तुकडे असतील तर कापून बोटाच्या पेरापेक्षा लहान करा, केळीची सालं, दुधीची सालं, कोबीचे दांडे हे विशेष. मिक्सरमधून काढायचा उत्साह काहींना येतो, तो आवरा, लगदा झाला की हवा संपली.

संध्याकाळी बादलीतला वरचा पाचोळा बाजूला करायचा, कचरा घालायचा, तेवढाच सुका माल घालायचा, हलकं कालवायचं आणि वरून परत पाचोळ्याचं पांघरूण, ओला कचरा डोळ्याला दिसता कामा नये. वर दिसला की चिलटं आलीच. आठवड्यातून एकदा चिमूटभर निंबोळी पेंड.

दर तीन-चार दिवसांनी तळापासून ढवळा. ढवळताना मूठभर माल हातात घेऊन आवळून बघा, धुवून पिळलेल्या फडक्यासारखा लागला पाहिजे, ओलसर पण पाणी गळत नाही. एक-दोन थेंबांच्या वर पाणी आलं तर पाचोळा वाढवा, हाताला काही ओल लागलीच नाही तर पाणी शिंपडा. मोठ्या ढिगात ५०-६० अंशांपर्यंत तापमान जातं, बादलीत तेवढं जात नाही, तरी भर मध्ये हात घातल्यावर कोमट लागलं तर समजा गाडी रुळावर आहे. डिसेंबर-जानेवारीत काम मंदावतं, घाबरू नका.

६. काय टाकायचं, काय नाही

भाजी-फळांचा कचरा, शिळी फुलं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं (चुरून), शेंगांची टरफलं, कुंडीतली छाटणी, नखं, केस, सगळं चालतं. कांद्या-लसणाची कुरकुरीत सालं तर सुका माल म्हणूनच धरा.

चहाचा चोथा चाळणीत एकदा पाण्याखाली धरून मगच टाका, दूधसाखरेमुळे मुंग्या लागतात. टी-बॅगच्या पिशव्या फोडून फक्त पावडर घ्या, बऱ्याच पिशव्यांत प्लास्टिकचा धागा असतो.

लिंबू-मोसंबीची सालं रोजची दोन-चार चालतात, सरबताच्या दिवशीचा ढीग एकदम नको. कलिंगडाची सालं म्हणजे निव्वळ पाणी, बारीक कापून एक दिवस उन्हात टाका, निम्मी होतात. हिवाळ्यात मटार सोलायला बसलं की बादलीभर सालं एका दिवसात, तीही तशीच सुकवून हप्त्याहप्त्याने. आंब्याच्या कोयी कुजतात पण फार वेळ घेतात, शेवटी चाळताना वर राहिल्या की पुढच्या बादलीत टाकायच्या, कधी कधी तिथेच कोंब फुटतो. करवंट्या नको, त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. मक्याच्या कणसाचा आतला दांडा आणि फणसाची चारखंडं, कापायची ताकद असेल तरच.

शिजलेलं अन्न हा वादाचा विषय. नवीन माणसाने पहिले दोन-तीन महिने टाकूच नये असं माझं मत. पुढे हात बसला की एखादी शिळी पोळी, वाटीभर भात चालतो, कुस्करून, दुप्पट पाचोळा घालून. आमटी-रस्सा, तेलकट भाजी, लोणचं, दही-दूध नाही, तेलाने माल चिकटतो आणि मीठ शेवटी झाडाच्या मुळाशी जातं. मटण-मासे, हाडं, काटे बाल्कनीतल्या बादलीत अजिबात नाही, वास, मांजरं आणि उंदीर तिन्ही येतात. कुत्र्या-मांजराची विष्ठा, डायपर, सॅनिटरी पॅड नाहीच, रोग पडलेली झाडाची पानंही नको.

आता जे कोणी सांगत नाही ते. कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, सफरचंदावरचे स्टिकर, हाराचा दोरा, गजऱ्यातली जर, लिंबू-मिरचीची तार, धान्याच्या पिशवीची सुतळी, हे सगळं न चुकता आत जातं आणि खत चाळताना जसंच्या तसं बाहेर येतं. गणपती-नवरात्रात निर्माल्य खूप असतं तेव्हा हार तोडून फक्त फुलं-पानं घ्या, दुर्वा आणि झेंडू छान कुजतात. आणि 'कंपोस्टेबल' छापलेल्या कॅरीबॅगा कचऱ्यासकट बादलीत टाकू नका, त्या मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेत कुजण्यासाठी बनवलेल्या असतात, आपल्या बादलीत महिनोन्‌महिने तशाच पडून राहतात.

७. काहीतरी बिघडलंय असं वाटलं तर

सडक्या अंड्याचा किंवा नाल्यासारखा वास: हवा नाही, पाणी जास्त. सगळा माल परातीत उपसा, तेवढाच कोरडा पाचोळा मिसळा, तळाची भोकं बुजली असतील तर काडीने मोकळी करा, परत भरा. दोन दिवस नवीन कचरा बंद. वास दुसऱ्याच दिवशी निम्मा होतो.

नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास: पाल्याची हिरवी देठं, भाज्या एकदम खूप झाल्या. उपाय पुन्हा पाचोळाच.

आंबट वास: थोडाफार असतोच, फार असेल तर फळांची सालं कमी करा आणि अंड्याच्या टरफलांचा चुरा घाला.

पांढरी बुरशी: आनंद माना. ती चिवट काड्या-पानं फोडायचं काम करते.

चिलटं: त्यांची अंडी बहुतेक वेळा केळीच्या सालावरून घरातच आलेली असतात, म्हणून स्वयंपाकघरातलं भांडंही झाकलेलं हवं. बादलीत दोन बोटं कोरड्या मालाचं पांघरूण, आणि शेजारी वाटीत व्हिनेगर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. त्यात पडतात.

मुंग्या: माल कोरडा पडलाय, पाणी शिंपडून ढवळा.

आणि आता अळ्या. मळकट पांढऱ्या, पुढे तपकिरी-काळ्या होणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या लांब अळ्या दिसल्या की घरात किंकाळी ठरलेली. या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. ती माशी घरमाशीसारखी आपल्या अन्नावर येऊन बसत नाही, चावत नाही, आणि अळ्या कचरा झपाट्याने संपवतात, मोठमोठ्या प्रकल्पांत त्या मुद्दाम पाळतात. मी त्यांना राहू देते. तुमच्या घरी चालणारच नसेल तर शिजलेलं अन्न बंद करा, पाचोळा वाढवा, माल एक-दोनदा उन्हात परातीत पसरा, आणि बाल्कनीत साळुंक्या येत असतील तर परात तिथेच ठेवून आत जा, बाकीचं त्या बघतात.

ताटलीत काळं पाणी साचलं तर ते थोडं असेल आणि वास नसेल तर दहापट पाण्यात मिसळून फुलझाडांच्या मुळाशी घाला, पालेभाजीवर नको. सडका वास येत असेल तर सरळ बाथरूममध्ये ओता. लोक त्याला अमृत वगैरे म्हणतात, माझ्या मते रोज पाणी गळतंय म्हणजे तुमच्या बादलीत पाचोळा कमी आहे.

८. भरल्यावर

बादली भरली की वर पाचोळ्याचा थर, निंबोळी पेंड, झाकण, आणि तारीख लिहिलेली चिकटपट्टी. पुढच्या दीड-दोन महिन्यांत तिच्यात काहीही नवीन टाकायचं नाही, हा मोह फार होतो कारण माल खाली बसतो आणि जागा दिसते. आठवड्याला एकदा ढवळा, सुकलं तर पाणी.

तयार झालेलं खत गडद तपकिरी, मोकळं, आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो, त्यात मूळ भाजी ओळखू येत नाही. खात्री नसेल तर थोडं ओलसर खत झिपच्या पिशवीत तीन-चार दिवस बंद ठेवा, उघडल्यावर आंबट किंवा घाण वास आला तर अजून कच्चं आहे. कच्चं खत कुंडीत घातलं तर ते तिथेच कुजत राहतं आणि झाड पिवळं पडतं. तयार माल सावलीत एक दिवस पसरून चाळा, वरचं जाडंभरडं पुढच्या बादलीच्या तळाला.

एवढी बादली भरून हातात शेवटी चार-पाच लिटरच खत येतं, नवीन लोकांचा इथे थोडा हिरमोड होतो. पण दहाबारा कुंड्यांना ते पुरतं. नवी कुंडी भरताना चार भागांत एक भाग खत, जुन्या कुंडीला महिन्याला दोन मुठी, खोडापासून लांब, कडेने माती उकरून. मग टोमॅटोची, मिरचीची, पपईची रोपं आपोआप उगवायला लागतात कारण बादलीत बिया मरण्याइतकी उष्णता होत नाही. एखादं ठेवा.

९. बादली नको असेल तर

मातीची तीन मडकी एकावर एक ठेवलेला संच मिळतो, दिसायला देखणा, आणि माती पाणी शोषते म्हणून ओलावा सांभाळणं सोपं जातं, पण जड असतो आणि एक मडकं फुटलं की संच अडतो. बोकाशीचा डबा हवाबंद असतो, त्यात कचरा कुजत नाही तर आंबतो, जागा कमी लागते, मात्र आंबवलेला माल शेवटी मातीत पुरावाच लागतो, तेव्हा माती नसलेल्यांनी विचार करून घ्या. गांडुळं छान काम करतात पण त्यांना उष्णता, लिंबूवर्गीय सालं आणि तिखट-मीठ सोसत नाही, विदर्भातल्या उन्हाळ्यात बाल्कनीत ती जगवणं म्हणजे व्यापच. पहिलं वर्ष बादलीवर काढा असं मी सांगेन.

१०. सोसायटी आणि शेजारी

बादल्या कॉमन पॅसेजमध्ये किंवा गच्चीवर ठेवायच्या असतील तर आधी कमिटीला दोन ओळींचं पत्र द्या, तोंडी परवानगी पहिल्या तक्रारीला विरते. ओला-सुका वेगळा करणं हे २०१६ च्या घनकचरा नियमांपासून प्रत्येक घराला बंधनकारकच आहे, त्यामुळे घरात दोन डबे आधीच असतील तर अर्धं काम झालेलं आहे. पुण्यात सोसायटीने गांडूळखत प्रकल्प केला तर मालमत्ताकरातल्या सर्वसाधारण करात सवलत मिळू शकते, पण प्रकल्प प्रत्यक्ष चालू असावा लागतो आणि नुसते बांधून ठेवलेले हौद तपासणीत पकडले जातात, तेव्हा अर्ज करण्याआधी वॉर्ड ऑफिसात जाऊन आत्ताच्या अटी आणि कागदपत्रं विचारून घ्या, कराची पावती सोबत न्या.

११. पावसाळा आणि गावाला जाणं

जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की पाचोळासुद्धा पोत्यात ओला होतो. मेअखेरीला सगळा सुका माल एकदा कडक उन्हात तापवून झाकणाच्या डब्यात किंवा प्लास्टिकच्या पोत्यात तोंड बांधून ठेवा. या दिवसांत सुका माल दीडपट घाला आणि बादली भिंतीच्या आतल्या बाजूला सरकवा. कोकणात-मुंबईत राहत असाल तर पुठ्ठ्याचाही साठा करून ठेवा, ऑगस्टमध्ये ऐनवेळी कोरडं काहीच मिळत नाही.

आठ-दहा दिवस गावाला जाणार असाल तर आदल्या दोन दिवसांपासून नवीन कचरा थांबवा, नीट ढवळा, वर चार बोटं पाचोळा घालून झाकण लावा आणि खुशाल जा. महिनाभर जाणार असाल तर किल्ली ज्यांच्याकडे ठेवताय त्यांना आठवड्यातून एकदा पेलाभर पाणी शिंपडायला सांगा. शिंपडायला, हे दोनदा सांगा, कारण कुंड्यांना पाणी घालता घालता लोक बादलीतही तांब्याभर ओतून मोकळे होतात.